वीज गेली म्हणून वाचलेला बॅकअप

नमस्कार मंडळी. वीज गेली की आपण काय काय बोलतो, ते कॅमेऱ्यासमोर सांगण्यासारखं नाही. पण जगभर पसरलेली एक कंपनी सावरली ती वीज गेली म्हणून, असं सांगितलं तर?

तारीख २७ जून २०१७. डेन्मार्कची मर्स्क. कंटेनर जहाजांच्या धंद्यातलं फार मोठं नाव. उरणच्या रस्त्यावर ट्रेलरच्या रांगेत कधी अडकला असाल, तर निळ्या चौकटीतली पांढरी चांदणी पाहिली असेल, ती यांचीच. त्या दिवशी त्यांचे कॉम्प्युटर एकामागून एक बंद पडत गेले. नॉटपेट्या नावाचा व्हायरस. युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो पसरला. स्क्रीनवर खंडणी मागायचा, पण ते नुसतं नाटक. पैसे भरून फाइल परत मिळायची सोयच नव्हती. आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं या समूहाचं टर्मिनलसुद्धा ठप्प झालं.

आता नीट ऐका. मर्स्ककडे बॅकअप नव्हता का? बहुतेक सर्व्हरचा होता. नव्हता तो डोमेन कंट्रोलरचा. म्हणजे कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला काय उघडू द्यायचं, याची नोंदवही सांभाळणारा सर्व्हर. ती वही हरवली की बाकी सगळं असून नसल्यासारखं. जगभर असे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते आणि प्रत्येकाकडे तीच वही. एकात बदल केला की बाकीच्यांत आपोआप व्हायचा. मग वेगळी प्रत कशाला? एक गेला तर दुसऱ्याकडून घेऊ, दीडशे आहेत की! सगळे एकदम जातील, हे धरलंच नव्हतं. आणि गेले ते एकदमच.

एक सोडून. घानातल्या ऑफिसमधला. हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती, त्यामुळे तो सर्व्हर नेटवर्कपासून तुटला होता. व्हायरस तिथवर पोचलाच नाही.

पुढचा भाग मला फार आवडतो. दुरुस्तीचं काम चाललं होतं इंग्लंडमध्ये. घानातलं इंटरनेट इतकं हळू, की डेटा पाठवायला कित्येक दिवस लागले असते. बरं, माणूस पाठवावा तर तिथल्या कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. शेवटी घानाचा माणूस डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, विमानतळावर ती दुसऱ्या सहकाऱ्याच्या हातात दिली आणि तो पुढे लंडनला. दहाएक दिवसांत त्यांनी ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे केले.

आता आपल्या घरी या.

‘माझे फोटो क्लाउडवर आहेत, फोनवर आहेत, टॅबवरही दिसतात.’ तीन ठिकाणी दिसतात, पण ती एकच वही आहे. फोनवर चुकून पुसलं तर टॅबवरूनही जातं. गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतं, गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस. नातवाने मे महिन्यात पुसलेला फोल्डर तुम्ही दिवाळीत शोधायला गेलात, तर संपलं. क्लाउड वापरू नका असं नाही हं. फोन रिक्षात राहिला तर तोच वाचवतो. पण त्याचं नाव सिंक. बॅकअप म्हणजे जुनी, बाकीच्यांपासून तोडून बाजूला ठेवलेली प्रत.

दुसरा आवडता प्रकार. ‘डी ड्राइव्हला कॉपी मारून ठेवलंय.’ अहो, सी आणि डी बहुतेक मशीनमध्ये एकाच डिस्कचे दोन भाग असतात. एकाच खोलीत पडदा लावला म्हणून दोन घरं होत नाहीत.

मग बाहेरची हार्ड डिस्क घेतात आणि ती वर्षानुवर्षं कॉम्प्युटरलाच लावून ठेवतात. खंडणीवाला व्हायरस आला की मशीनच्या फाइल कुलूपबंद करतो, आणि जोडलेली डिस्क दिसली की तिच्याही. वायर काढण्याचे पैसे पडत नाहीत हो!

आता एक किस्सा. माझ्याकडे एक डीटीपीवाले काका आले होते. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे अहवाल, दिवाळी अंक, सगळं त्यांनी केलेलं. मशीन मेलं, पण काका शिस्तीचे, डिस्कवर बारा वर्षांचं काम वर्षवार लावून ठेवलेलं. नव्या मशीनवर पहिली फाइल उघडली. श्री गणेशाय नमःच्या जागी कंस, डॉलर आणि उलटे स्वल्पविराम. फाइल अगदी धडधाकट होती. पण मजकूर युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर मराठी नीट वाचता यावी म्हणून ठरवलेल्या पद्धतीच्या, आधीच्या मराठी फॉन्टमध्ये होता, आणि फॉन्ट राहिले मेलेल्या मशीनच्या विंडोज फोल्डरमध्ये. काका म्हणाले, ‘अगं, फॉन्टचा कोण बॅकअप घेतं?’ तर काका, मराठीत काम करणाऱ्याने घ्यायचा. जुन्या फाइलींबरोबर फॉन्टचा फोल्डर, आणि झालेल्या कामाची पीडीएफ. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच भरता येतात, त्यामुळे निदान वाचता तरी येतं.

आणि जागा. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं. दुकानातला कॉम्प्युटर आणि त्याच दुकानाच्या ड्रॉवरमधली बॅकअपची डिस्क, पाण्याला दोन्ही सारखेच. म्हणून एक प्रत दुसऱ्या छपराखाली हवी, जमलं तर दुसऱ्या गावात.

मी काय करते? (दोन्ही डिस्क दाखवत) या दोन साध्या फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्क. एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, वेगवान असते, पण विजेशिवाय वर्षानुवर्षं पडून राहिली तर आतला डेटा विरू शकतो. कपाटात ठेवायला ही जुनी बरी. विंडोजमध्ये फाइल हिस्ट्री आहे, मॅकवर टाइम मशीन, दोन्ही फुकट. महिन्याच्या पहिल्या रविवारी डिस्क लावायची, चहा होईतो चालू द्यायचं, काढायची. पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात न्यायला ठीक आहे, आयुष्यभराचे फोटो त्यावर नका ठेवू.

आणि दर वेळी एक फाइल परत आणून बघायची. डिस्कवरचं नाव वाचून समाधान मानायचं नाही, डबलक्लिक करायचं, तेही दुसऱ्याच्या लॅपटॉपवर. डिस्कला पासवर्ड घातला असेल तर तो घरात आणखी एकाला माहीत हवा. पासवर्ड डिस्कच्या खोक्यावर चिकटवणारेही पाहिलेत मी, तसलं काही नको.

(डिस्क काढत) ही दुसरी डिस्क माझी नाही, साताऱ्याच्या दादाची आहे. माझीही एक त्याच्या कपाटात असते, त्याची माझ्या. गणपतीला अदलाबदल. मागच्या वर्षी तो मोदकांच्या नादात माझी तिकडेच विसरून आला होता, यंदा निघायच्या आधी फोन करणार आहे. तुमची डिस्क कोणाच्या कपाटात ठेवणार, ते खाली कमेंटमध्ये लिहा. पासवर्ड लिहू नका म्हणजे झालं.