देवघरातला राणीछाप रुपया

(दृश्य: देवघरातली पितळी डबी. आत चांदीचे रुपये, काळपट तांब्याचे पैसे.)

लक्ष्मीपूजनाला ही डबी बाहेर निघते. रुपयांना पंचामृताचं स्नान घडतं, मग चिंच-मीठ लावून ते लख्ख घासले जातात. यंदा मात्र घासू नका. आधी वाचा.

(दृश्य: एक रुपया, अगदी जवळून.)

हा राणीछाप. व्हिक्टोरियाच्या नावापुढे 'क्वीन' असेल तर रुपया १८७७ च्या आधीचा, 'एम्प्रेस' असेल तर त्यानंतरचा. १८६२ साल दिसलं की घरातले हरखून जातात. पण टांकसाळीनं पुढची दहाएक वर्षं रुपयावर हेच साल ठेवलं. त्यामुळे १८६२ चे रुपये अमाप निघाले आणि आजही सहज मिळतात. जुनं ते दुर्मीळ, असं नसतं.

आता वजन करा. ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा. त्यात चांदी ९१.७ टक्के, म्हणजे निव्वळ चांदी साधारण १०.७ ग्रॅम. झीज नसेल तर त्या दिवसाच्या भावानं एवढ्या चांदीचे पैसे कुठेही गेले नाहीत. त्यावरची किंमत संग्राहक देतो, ती साल, टांकसाळ आणि नाण्याची स्थिती पाहून. राणीच्या केसांच्या बटा सुट्या दिसतात का, मुकुटावरची नक्षी शाबूत आहे का, हे तो भिंगातून बघतो. दर दिवाळीला आपण नेमकं तेच घासून काढतो! हारात ओवायला कडी डागली असेल, तर भाव आणखी उतरतो.

१९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. १९४७ चा रुपया तर निकेलचा, तो लोहचुंबकाला चिकटतो. राणीछाप चिकटला, तर तो खोटा. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया खरोखर दुर्मीळ आहे. म्हणूनच १९३८ मधला आठ कोरून नऊ केलेले रुपयेही बाजारात फिरतात. शेवटचा आकडा भिंगाखाली धरून पाहा.

(दृश्य: तळहातावर तांब्याची शिवराई.)

ही शिवराई. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. हातानं ठोकलेलं नाणं, ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून अक्षरं कडेला तुटतात. तो दोष नव्हे. मधे दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, महाराजांच्या नंतरच्या काळातली. घरोघरी बहुतेक हीच सापडते, किंमतही माफक असते. तरीही माझं मत विचाराल तर शिवराई विकू नये.

(दृश्य: राम दरबाराचं नाणं, त्यावर १८१८ साल.)

राम दरबार किंवा हनुमान, आणि मागे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव. याचे लाखो रुपये मिळतील, असं सांगणारे भेटतात. कंपनीनं असं नाणं कधीच चलनात आणलं नाही. ते देवघरात पूजेला असू द्या, पण त्यावर पैसे लावू नका.

खात्री करायची असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. आणि जुन्या नाण्याचे लाख देतो, आधी कमिशन भरा, असा रिझर्व्ह बँकेच्या नावानं फोन आला, तर तो तिथेच ठेवा. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहाराशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण शुल्क घेत नाही, असं बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे.