आंबा नाकाने बघायचा

श्रोतेहो, नमस्कार. मे महिन्याची दुपार आहे. बाहेर कातळ तापलाय, विजेचा भरवसा नाही, आणि तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरात आत्ता कुठल्यातरी खोलीचं दार लोटून घेतलेलं असणार. आत आढी असणार, म्हणजे पेंढ्यात पिकायला घातलेले आंबे. म्हटलं, आज आंब्याबद्दलच बोलूया.

मी मूळची पुण्याची. लग्न होऊन रत्नागिरीजवळच्या या गावात आले, तेव्हा आंबा पेटीतून येतो एवढंच मला ठाऊक होतं. पहिल्याच मे महिन्यात सासूबाईंनी सांगितलं, माजघरात जा आणि डझनभर तयार आंबे काढून आण. मी गेले, पेंढा बाजूला केला आणि चांगले पिवळेधमक बारा निवडून आणले. त्यांनी एकेक हातात घेतला, देठाशी नाक नेऊन हुंगला, आणि बारातले नऊ माझ्या टोपलीत परत टाकले. "अगो, डोळ्यांनी काय बघतेस, नाकाने बघ," म्हणाल्या. मग स्वतः आत गेल्या आणि नऊ आंबे घेऊन आल्या. त्यातले चार तर अजून हिरवटच दिसत होते. कापले तर आतून केशरी.

आंबा घेताना होणाऱ्या बहुतेक चुका या एवढ्यात आल्या. रंग फसवतो. हापूसची साल पिवळी व्हायला लागते ती सगळीकडून एकदम नाही. एका बाजूला पिवळी, दुसरीकडे हिरवी झाक, उन्हाकडच्या गालावर कधी थोडी लाली. पेटीतले सगळेच्या सगळे आंबे एकसारखे पिवळे दिसले, हाताला मात्र टणक लागले आणि देठाशी वासच नसला, तर ती पेटी तिथेच ठेवा. असे आंबे बहुतेक वेळा कार्बाइड लावून पिकवलेले असतात. कॅल्शियम कार्बाइड ओलाव्यात आलं की त्यातून वायू सुटतो, त्याने साल रंगते आणि आत गर कच्चाच राहतो. शिवाय त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. म्हणून फळं पिकवायला त्याचा वापर करण्यावर आपल्या देशात कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूने पिकवायला परवानगी आहे, तेही 100 पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग. आंबा स्वतः पिकताना जो वायू सोडतो तो हाच. आढीत एक पिकला की शेजारचे लगबगीने पिकतात, ते त्याच्यामुळेच.

आता नाकाने बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं? देठाजवळचा भाग नाकाशी न्या. तयार हापूसचा वास तिथे पहिल्यांदा येतो, आणि तो गोड असतो. आंबट, दारूसारखा वास आला तर फळ उतरलंय. मग देठाच्या दोन्ही बाजू बघा. जून, म्हणजे झाडावर पुरतं भरलेल्या फळाचे खांदे भरून वर आलेले असतात आणि देठ जणू खळग्यात बसलेला दिसतो. खांदे उतरते असले तर आंबा कोवळा काढलेला आहे, तो पिकायच्या ऐवजी सुकेल. सालीवर बारीक सुरकुती असली तर घाबरू नका, आम्ही घरचे लोक सुरकुतलेला आंबा आधी उचलतो. आणि कृपा करून अंगठा दाबून बघू नका. तुम्ही दाबलेल्या जागी दोन दिवसांनी डाग पडतो आणि तो आंबा तुमच्यानंतर येणाऱ्याच्या वाट्याला जातो.

खरं सांगायचं तर पिकलेला आंबा विकत घेण्यापेक्षा जून, हिरवा आंबा आणून घरी पिकवावा. बागेत आमच्याकडे "चौदा आणे" म्हणतात. रुपयाचे आणे सोळा, त्यातले चौदा आणे फळ झाडावर तयार झालं की ते झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट काढायचं. देठ मोडला की चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडतो. शंका असेल तर हिरवा आंबा पाण्याच्या बादलीत टाकून बघा. जून आंबा बुडतो, कोवळा तरंगतो.

पण मग सोळा आणे होईपर्यंत झाडावर का ठेवत नाहीत, असं मीही विचारलं होतं. उत्तर मिळालं ते पाहुण्यांसमोर. पुण्याहून माझी भावंडं आली होती. मी सगळ्यात मोठे, वजनदार, देखणे सहा आंबे कापले. पाच निघाले साक्याचे. बाहेरून डाग नाही, वास सुरेख, आणि आत बाठ्याला लागून पांढरट, स्पंजासारखा, आंबट भाग. माझा भाऊ म्हणाला, "ताई, हेच का तुमचं रत्नागिरी?" साका बाहेरून ओळखता येत नाही. तुम्ही कितीही जुने बागायतदार असा, कापल्यावरच कळतं. मात्र त्याचं कारण बरंचसं समजलेलं आहे. फळ झाडावर फार वेळ राहिलं की आतल्या बाठ्याला रुजायची घाई होते, आणि तो भोवतालच्या गराचं काम बिघडवतो. त्यात तापलेल्या कातळाची धग खालून फळाला लागली की आणखी वाढतं. म्हणून जाणते बागायतदार झाडाखाली सुकं गवत नि पातेरा पसरून ठेवतात, आणि चौदा आण्यांवर काढणी करतात. आपण खाणाऱ्यांनी एवढंच करावं की मोठा आणि जड म्हणजे चांगला, हे डोक्यातून काढावं. मध्यम आंबा घ्यावा.

आढीचं म्हणाल, तर फार काही शास्त्र नाही. हवेशीर, अंधारी खोली, खाली भाताचा पेंढा, वर आंब्यांचा एक थर, पुन्हा पेंढा, पुन्हा थर, बस. दोनच थर ठेवा. आठ ते बारा दिवस लागतात. दर दोन-तीन दिवसांनी हात फिरवायचा आणि कुजका दिसला की लगेच काढायचा. मुंबईतल्या श्रोत्यांनी पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्तमानपत्र घालून तेच करावं. कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवू नये. साधारण 13 अंशांच्या खाली तो गारठतो आणि मग नीट पिकतच नाही, साल काळवंडते. पूर्ण पिकल्यावर दोन-चार दिवस फ्रिजमध्ये चालेल.

हापूस आला कुठून, तर नाव पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्कवरून पडलं, आणि कलमं बांधायची हातोटीही पोर्तुगीजांच्या काळात गोव्याकडून इकडे पसरली. आम्ही अफोन्सोचा हापूस केला आणि आता तो आमचाच आहे असं भांडून सांगतो. 2018 साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरीही बाजारात दुसऱ्या राज्यातला आंबा देवगडच्या नावाने विकला जातो. पेटीत आंब्याखाली घातलेलं वर्तमानपत्र कुठल्या लिपीत आहे, ते बघून ठरवणारे हुशार लोक मी पाहिलेत. विक्रेताही तेवढाच हुशार असेल, तर मराठी रद्दी आणतो.

आता खायचं. आंबा आधी बादलीभर पाण्यात तासभर तरी बुडवून ठेवा. थंडही होतो आणि सालीवरचा चीक निघून जातो. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. ज्याला बिब्बा उततो, त्याला आंब्याच्या चिकानेही ओठांवर पुरळ येऊ शकतं. म्हणून खायच्या आधी देठाकडचा थोडा भाग कापून टाकावा. मग बाठ्याच्या चपट्या बाजूला लागून सुरी खाली उतरवायची, दोन गाल सुटे होतात. त्यांच्या फोडी करायच्या, साल ठेवूनच. बाठा मुलांना द्यावा आणि मग पाच मिनिटं त्यांच्या शर्टाकडे बघू नये.

रसासाठी माझं मत जरा हट्टी आहे. हापूसचा रस करणं म्हणजे चांगलं लुगडं फडक्याला वापरण्यासारखं. हापूस फोडी करून खावा, रसाला पायरी जातीचा आंबा घ्यावा. पायरीला टोकाशी चोच असते आणि रस भरपूर. पिकलेली पायरी दोन तळव्यांत फिरवत मऊ करायची, देठाकडून पिळायची, मग गर पुरणयंत्रातून काढायचा. मिक्सरमध्ये फेस येतो आणि रंग फिका पडतो. रसात चिमूटभर मीठ, वाढताना चमचाभर साजूक तूप, थोडी मिरपूड. सोबत घावणे किंवा पुऱ्या, ज्याची त्याची आवड.

शेवटी एक गोष्ट रायवळांसाठी, कारण पेट्यांच्या गडबडीत त्यांना कोणी विचारत नाही. बाठ्यापासून आपोआप उगवलेली ही झाडं, घरामागे, पाणंदीच्या कडेला, प्रत्येकाची चव निराळी. आमच्या विहिरीवरच्या झाडाचे आंबे लिंबाएवढे, भरपूर धागे, आणि गोडी अशी की बोटं चिकटतात. त्यांचं रायतं करतो. आंबे सोलायचे, बाठे अख्खे ठेवायचे. साली थोड्या पाण्यात कुस्करून तो रस त्यातच ओतायचा. ओलं खोबरं आणि दोन सुक्या मिरच्या वाटायच्या, गूळ घालायचा, मीठ घालायचं, आणि मोहरी फेसून घ्यायची. मोहरी बेताने, चमचाभर पुरे. जास्त झाली की कडवट लागतं आणि नाकात झिणझिण्या येतात. हे शिजवायचं नाही, दुपारी कालवून रात्रीच्या भाताला वाढायचं.

वाढताना एवढं सांभाळा, प्रत्येकाच्या पानात एक तरी बाठा गेला पाहिजे. सासूबाई वाढायच्या तेव्हा आधी बाठे मोजायच्या, मग माणसं. मी मोजत नाही, आणि आमच्याकडे दर वर्षी भांडण होतं. नमस्कार.