सहा मिनिटांत किती चालता?

हा हॉस्पिटलचा कॉरिडॉर, तीस मीटरचा. दोन टोकांना दोन कोन ठेवलेत आणि पेशंटला सांगतात सहा मिनिटं चाला, जमेल तेवढं, धाप लागली तर भिंतीला टेका पण घड्याळ चालूच राहील. फुफ्फुसाच्या पेशंटची ताकद जगभर अशीच मोजतात. किती मीटर व्हायला हवे होते ते काढतात वय, उंची, वजन आणि बाई की पुरुष यावरून. राहता कुठे, कमावता किती, हे कोणी विचारत नाही.

आता मुंबईत गोवंडी-मानखुर्दला चला. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड. पुनर्वसनाच्या बिल्डिंगी एकमेकींना एवढ्या चिकटून की खालच्या घरांत दिवसाही लाईट लागतो. 2018 च्या एका अभ्यासात दिसलं होतं, ऊन-वारा जिथे कमी तिथे टीबी जास्त.

टीबी बरा होतो हो, सहा महिने गोळ्या घेतल्या की रिपोर्ट निगेटिव्ह. पण बऱ्याच जणांच्या फुफ्फुसावरचे व्रण तसेच राहतात आणि दम लागत राहतो. टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी सरकार देतं ते निक्षय पोषणचे पैसे, आधी महिन्याला 500, नोव्हेंबर 2024 पासून 1000, तेही उपचार संपले की बंद, आणि इथून पुढेच तर अंग भरायला नीट खाणं हवं असतं.

मग काय होतं, दम लागतो म्हणून माणूस चालणं कमी करतो, चालणं कमी झालं की मांड्या झिजतात, झिजलेले पाय लवकर थकतात आणि परत दम. यावर उपाय आहे, पल्मनरी रिहॅब, म्हणजे देखरेखीखाली व्यायाम, आठवड्यातून निदान दोनदा, सहा ते आठ आठवडे. फुफ्फुस आहे तेवढंच राहतं पण माणूस जास्त चालायला लागतो.

आता रोजंदारीवाल्याला आठवड्याला दोन खाडे कसे परवडणार? वर रिक्षाचं भाडं, स्टेशनचा जिना. नाही जमत, मग फाईलवर लिहितात, पेशंट येत नाही. मला हे वाक्य वाचलं की खरंच राग येतो. हाच व्यायाम घराजवळच्या दवाखान्यात संध्याकाळी कामावरून आल्यावर ठेवला तर? त्याला मोठं मशीनपण लागत नाही, एक खुर्ची, दोन पाण्याच्या बाटल्या आणि शिकवणारं माणूस.

साधारण तीस मीटर वाढले तरी डॉक्टर म्हणतात फरक पडला. तीस मीटर म्हणजे हाच कॉरिडॉर एकदा जास्त. किंवा भाजीची पिशवी घेऊन नाक्यावरून घराच्या जिन्यापर्यंत, मध्ये कुठे न बसता.