यमाची दिशा आणि दुपारचे साडेचार

(जळगावातल्या एका वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मागे पंख्याचा वारा लागतोय ना? नसेल लागत तर पुढे या, पुढच्या खुर्च्या रिकाम्याच आहेत. व्याख्यानात पुढे बसायला माणसं घाबरतात आणि लग्नात मागे बसायला. असो.

पत्रिकेवर माझा विषय छापलाय ‘घर निवडताना नैसर्गिक प्रकाशाचे मूल्यमापन’. हे शब्द माझे नाहीत, कार्यवाहांचे आहेत. मी साधं ‘ऊन’ म्हणतो. मुंबईत माणसाला घरात उजेड हवा असतो आणि तो पैसे मोजून घ्यावा लागतो. आपल्याकडे उजेडाची ददात नाही. आपल्याकडे उजेडाच्या मागून ऊन घरात शिरतं आणि ते बाहेर काढायला कूलर लावावा लागतो. पारा ४५ च्या वर गेला की आपण मुंबईच्या पाहुण्याला अभिमानाने सांगतो, “हे काहीच नाही, भुसावळला बघा!” तेव्हा कोणत्या उन्हाला घरात बोलवायचं आणि कोणाला ओट्यावरूनच वाटेला लावायचं, एवढाच खानदेशातला प्रश्न आहे.

आता मी हे का सांगतोय? कारण मी स्वतः फसलोय. माझी सगळी नोकरी इमारतींच्या नकाशांवर गेली. उत्तरेचा बाण कुठे आहे हे बघितल्याशिवाय मी पाहुण्यांकडे चहासुद्धा पीत नाही, असं बायको म्हणते. तरी फसलो.

डिसेंबरातला रविवार होता. सकाळचे साडेदहा. ही वेळ लक्षात ठेवा. चौथा मजला, वर गच्ची. दाखवायला आलेला पोरगा इस्त्रीच्या शर्टातला, अदबीने बोलणारा. म्हणाला, “सर, पक्का ईस्ट फेसिंग.” खोटं नव्हतं. दार पूर्वेलाच होतं. पण ते दार उघडत होतं लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये! तिथे सूर्यनारायण यायचेच तर लिफ्टनेच यावे लागणार. आणि या दारासाठी मी जास्तीचे पैसे मोजले, कारण आईला सांगायला बरं, पूर्वेचं दार आहे म्हणून.

मागच्या बाजूला बेडरूम. तिला आठ फुटी स्लायडिंग, बाहेर केळीची बाग. हिरवीगार. आम्ही दोघं तिथेच विरघळलो. खोली गार, उजेड मऊ. बायकोने एकच प्रश्न विचारला, “दुपारी इथे कसं असतं?” पोरगा म्हणाला, “मॅडम, दुपारी तर याच्यापेक्षा भरपूर उजेड!” हेही खोटं नव्हतं. हॉलमध्ये आणल्यावर त्याने आणखी एक सांगितलं, “सकाळचं कोवळं ऊन खिडकीतून येतं सर, व्हिटॅमिन डी फुकट.” आता बंद काचेतून ऊन आलं, तरी ज्या किरणांनी कातडीत व्हिटॅमिन डी तयार होतं ते काच अडवते. मी तेव्हा हे बोललो नाही. सही करायच्या मूडमध्ये असलेला माणूस शास्त्र बोलत नाही.

मार्चमध्ये चादर तापायला लागली. एप्रिलमध्ये कपाटाचा सनमायका कोपऱ्यातून सुटला आणि रोज थोडा थोडा उलगडत गेला, जणू आत काय आहे ते बघायचंय त्याला. मेमध्ये दुपारी साडेचारला त्या खोलीत टीव्हीचा रिमोट उचलला आणि चटका बसला म्हणून खाली टाकला. हसू नका, तो फुटला. रात्री अकराला पलंग भिंतीपासून हातभर लांब ओढायचा, कारण नऊ इंची विटांची भिंत दुपारभर खाल्लेलं ऊन रात्री आत ओकत असते. मग उपाय सुरू. आधी हिरवी जाळी. मग काळी फिल्म. मग अर्ध्या स्लायडिंगला प्लाय ठोकून त्यात कूलर बसवला. राहिलेल्या अर्ध्याला थर्माकोल. शेवटी आईने ट्रंकेतून तिची जुनी गोधडी काढली आणि ती वरून टांगली. म्हणजे आठ फुटांच्या देखाव्याचे पैसे भरून, त्यावर गोधडी घालून, आम्ही भर दुपारी ट्यूबलाइट लावून बसलो होतो.

आईचं सांगायला हवं. ती पारोळ्याकडची, धाब्याच्या घरात वाढलेली. जाड मातीच्या भिंती, लहान झरोके. त्या घरात मेमध्ये दुपारी झोप लागायची. आमच्याकडे आली आणि तिसऱ्या दिवशी बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाट घातला. ज्वारी भिजवून, दळून, शिजवून झाली, आता वाळवायच्या कुठे? तर गच्चीवर. पण तिने थेट धोतर पसरलं नाही. आदल्या दिवशी चार विटा घेऊन वर गेली. सकाळी नऊला टाकीची सावली जिथे संपत होती तिथे एक वीट. बाराला दुसरी. चारला तिसरी. चौथी कशाला, विचारलं, तर म्हणाली, धोतर उडायला नको म्हणून. दुसऱ्या दिवशी विटांच्या बाहेर धोतर पडलं आणि दिवसभरात एकाही बिबडीवर सावली आली नाही. मी वर उभा राहून बघत होतो. नकाशे वाचणारा मी. खाली उतरताना ती म्हणाली, “घर लेवाना पहिले माले काबर नही दखाडं रे?”

घर घ्यायच्या आधी मला का नाही दाखवलंस? याला उत्तर नव्हतं. अजून नाही.

आणि गंमत बघा, विटेने सावली मोजणं ही काही घरगुती युक्ती नाही. त्यासाठी आपल्याकडे उभी काठी वापरत, तिला शंकू म्हणत. सपाट जमिनीवर काठी उभी करायची, भोवती वर्तुळ काढायचं, सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवतं तिथे खूण, दुपारनंतर परत शिवतं तिथे खूण, दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा. होकायंत्राशिवाय. भास्कराचार्यांच्या लीलावतीत सावलीच्या गणितांचं स्वतंत्र प्रकरण आहे, छायाव्यवहार. आणि त्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला तो कुठे? चाळीसगावजवळ पाटणला! शिलालेख आहे तिथे. पाटणादेवीला आपण सगळे जातो, नारळ फोडतो, धबधब्याखाली फोटो काढतो. सावलीचं गणित ज्या जिल्ह्यात शिकवलं गेलं, त्या जिल्ह्यात आपण ब्रोशरवरचा बाण बघून घर घेतो. तो बाण तरी सरळ असतो का? नकाशा पानावर नीट बसावा म्हणून फिरवतात, आणि बाण फिरवायचं विसरतात. माझ्याकडे असं एक ब्रोशर...

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटं.’ अहो, मी अजून घर बघायलाच निघालोय. बरं, ब्रोशर राहू द्या. ज्यासाठी बोलावलंत ते भराभर सांगतो.

जळगाव २१ अक्षांशावर आहे. तेवढ्यावरून सगळं निघतं. २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर असतो, म्हणजे सावली उंचीएवढीच लांब. २१ मार्चला ६९ अंशांवर. मेच्या शेवटच्या आठवड्यात थेट डोक्यावर, सावली पायाखाली. तिथून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेकडूनच जातो. आणि भर दुपार म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपली वेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, त्यामुळे सूर्य माथ्यावर येतो साडेबाराच्या आसपास.

आता दक्षिणेची खिडकी घ्या. चार फूट उंच, वर दोन फुटांचा छज्जा. डिसेंबरात छज्ज्याची सावली दोन फूट उतरते, खालच्या अर्ध्या खिडकीतून ऊन आत. मार्चमध्ये ती पाच फूट उतरते, खिडकी पूर्ण झाकली. मेमध्ये दुपारी सूर्य जवळपास डोक्यावरच असतो, त्या खिडकीत डोकावतच नाही. थंडीत ऊन, उन्हाळ्यात सावली, विजेचं बिल शून्य. आणि हीच दिशा आपण ‘यमाची’ म्हणून टाकून दिली! अहो, खानदेशात यम दक्षिणेकडून येत नाही. तो दुपारी साडेचारला पश्चिमेच्या स्लायडिंगमधून येतो. कारण मेअखेर त्या वेळी सूर्य उतरून तेहेतीस अंशांवर आलेला असतो. तोच दोन फुटी छज्जा तिथे सव्वा फूट सावली देतो, बाकीची खिडकी उघडी. आणि सूर्य मावळायला अजून अडीच तास. पूर्वेचं ऊन कोनाने त्याचंच जुळं भावंड, पण ते येतं तेव्हा हवा तापलेली नसते. दाराला वास्तू बघा, माझी ना नाही, पण खिडक्यांना ऊन बघा.

दक्षिणेला समोर इमारत असेल तर हात पुढे ताठ धरून मूठ करा. एक मूठ साधारण दहा अंश. डोळ्यांच्या रेषेपासून मुठीवर मूठ चढवत जा. समोरच्या इमारतीचं टोक साडेचार मुठींच्या वर गेलं, तर डिसेंबरात दुपारीही तिथे ऊन येणार नाही. लोक बघतील, बघू द्या.

घर तीनदा बघा. सकाळी आठला, साडेबाराला, साडेचारला. पहिलं काम, सॅम्पल फ्लॅटमधले सगळे दिवे बंद करायला सांगा. नंतर कुठल्याही कोपऱ्यात वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती वाचून बघा. रात्री नऊला खालच्या मजल्यावर राहणाऱ्या कुणाच्या तरी पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावा. चहा मिळेल आणि खरं काय ते कळेल. कूलर कोणत्या खिडकीत बसणार हे आधीच ठरवा, कारण ती खिडकी मग खिडकी राहत नाही.

शेजारचा प्लॉट रिकामा असेल तर तो उजेड उसना समजा. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात उजेडाचा हक्क आहे, पण त्यासाठी वीस वर्षं तो विनाअडथळा भोगलेला असावा लागतो. नव्या इमारतीत कुठून आणणार वीस वर्षं? मंजूर नकाशात शेजारचं मार्जिन, म्हणजे हद्दीलगतची मोकळी जागा, किती सोडलंय ते बघा. सर्वांत वरचा मजला घ्यायचा तर गच्चीला दरवर्षी पांढरा चुना मारायची तयारी ठेवा. आणि...

उठलेच कार्यवाह. बरं बरं. एक प्रश्न घेतो. ताई, तुम्ही.

त्या फ्लॅटचं काय झालं? तो अजून माझाच आहे. आम्ही नंतर रो हाऊस घेतलं, दक्षिणमुखी म्हणून कोणी घेत नव्हतं, म्हणून परवडलं. तेव्हा आईला आधी नेऊन दाखवलं. तिने आत पाय टाकायच्या आधी गच्ची बघितली. जुना फ्लॅट भाड्याने दिलाय. भाडेकरू? चांगली माणसं आहेत. डिसेंबरात बघायला आली होती, सकाळी साडेदहाला. मी सांगितलं हो सगळं, लपवलं नाही. त्यांना केळीची बाग आवडली.

गोधडी तिथेच ठेवलीय त्यांच्यासाठी.