बागेची छापील यादी

श्रोतेहो, नमस्कार. लंडनच्या होबर्न भागात राहणाऱ्या जॉन जेरार्ड या शस्त्रवैद्याने १५९६ मध्ये अवघ्या २४ पानांची एक लॅटिन पुस्तिका छापली. एकाच खासगी बागेतील सर्व वनस्पतींची ही पहिली छापील यादी मानली जाते. तिच्यात सुमारे हजार नावे आहेत. वर्णने नाहीत, चित्रे नाहीत, औषधी गुणही नाहीत.

पुढच्याच वर्षी त्याचा भलामोठा सचित्र वनस्पतिग्रंथ आला आणि कीर्ती त्या ग्रंथाला मिळाली. मला मात्र ही कृश पुस्तिका अधिक मोलाची वाटते, कारण ग्रंथाचा बराच भाग पूर्वसूरींच्या लेखनावर उभा आहे, तर कोणते झाड कोणत्या वर्षी कोणत्या मातीत प्रत्यक्ष वाढत होते, हे यादी सांगते. बटाट्याचेच पाहा. दक्षिण अमेरिकेतून आलेला हा कंद जेरार्डच्या यादीत ‘पापुस ऑर्बिक्युलाटस’ या नावाने आढळतो, आणि इंग्लंडमध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या उल्लेखांपैकी हा अगदी आरंभीचा आहे. १५९९ च्या दुसऱ्या आवृत्तीत लॅटिन नावांशेजारी इंग्रजी नावेही आली, त्यामुळे लॅटिन न जाणणाऱ्यांनाही ती वाचता येऊ लागली. आपल्याकडे मुंबई व परिसरातील वनस्पतींची जॉन ग्रॅहॅम यांची सूची १८३९ मध्ये छापली गेली. तीत रानातल्या झाडांबरोबर बागांत लावलेलीही आहेत.

पण यादीवर विश्वास कसा ठेवायचा? जेरार्डने आपल्या यादीला मात्तियास द लोबेल या नामवंत फ्लेमिश वनस्पतिज्ञाची साक्ष जोडली होती: या वनस्पती मी बागेत स्वतः पाहिल्या आहेत, अशी. पुढे दोघांचे संबंध बिघडले, आणि एका जतन झालेल्या प्रतीत ती साक्ष खोडून ‘हे सर्वथा असत्य आहे’ असा शेरा लोबेलच्या सहीने लिहिलेला दिसतो. शेऱ्यामागे वस्तुस्थिती किती आणि राग किती, हे त्या एका पानावरून ठरवता येत नाही. त्यासाठी दुसऱ्या बागांच्या याद्या हाताशी घ्याव्या लागतात. पॅरिसच्या ज्याँ रोबँ याने १६०१ मध्ये आपल्या बागेची सूची छापली, आणि त्याने पाठवलेल्या रोपांचा व बियाण्याचा उल्लेख जेरार्ड स्वतःच आपल्या ग्रंथात करतो. त्यामुळे या दोन सूची शेजारी ठेवल्या, की जेरार्डच्या कोणत्या नावांना बाहेरचा आधार आहे, हे एकेक करून तपासता येते.