पाण्याची भरलेली बाटली
(शिक्षिकांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित)

मैत्रिणींनो, सकाळी भरून आणलेली पाण्याची बाटली शाळा सुटते तेव्हा किती रिकामी झालेली असते? बऱ्याच जणी हसल्या, म्हणजे उत्तर मिळालं. शाळेतलं स्वच्छतागृह वापरवत नाही, वर्ग सोडून जाता येत नाही, म्हणून आपण पाणीच पीत नाही. मग दुपारी डोकं ठणकतं, लघवीला जळजळ होते आणि आपण म्हणतो, "आता वय झालं."

शरीरभान, म्हणजे शरीर काय सांगतंय याकडे लक्ष देणं, म्हटलं की सतरंजी, मंद संगीत असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. एक फिजिओथेरपिस्ट म्हणून मला ते या बाटलीपासून सुरू करावंसं वाटतं. मूत्राशयात साधारण 150 ते 200 मिलिलिटर लघवी साठली की पहिली जाणीव होते. 400-500 पर्यंत ते धरून ठेवू शकतं. त्यामुळे जाणीव झाल्याबरोबर धावायला हवं असं नाही. पण रोजच "नंतर बघू" म्हणणं वेगळं. आणि याच्या उलट सवयही बरी नव्हे. गरज नसताना, घरातून निघताना दर वेळी "जाऊनच येते" म्हटलं, तर मूत्राशय थोड्याशा साठ्यावरच घाई करू लागतं. दोन्हीकडे आपण शरीराला विचारतच नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय याच विषयावर आहे. अडवू नयेत असे 13 वेग, म्हणजे आतून येणाऱ्या ऊर्मी, तिथे मोजले आहेत. मलमूत्र, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, झोप हे आलेच. पण त्यात अश्रूही आहेत, श्रमाने लागलेली धापही आहे. त्याच अध्यायात आवरावेत असे वेगही दिलेत: लोभ, क्रोध, ईर्ष्या वगैरे. आपल्या घरांतून मुलींना काय शिकवलं गेलं? भूक आवर, सगळ्यांचं झाल्यावर जेव. झोप आवर. चारचौघांत रडू नकोस. मला याचा राग येतो, अजूनही येतो.

आता बसल्या जागी एक करून बघू. डोळे उघडे असू देत. दात एकमेकांवर दाबलेले आहेत का? खात-बोलत नसताना ओठ मिटलेले चालतात, दातांत मात्र किंचित फट हवी. जबडा सोडा. खांदे वर ओढलेत का? आता पोट. फोटोसाठी आत ओढलेलं पोट कितीतरी जणी दिवसभर तसंच धरून ठेवतात. सोडा ते. हात आपोआप पदर, ओढणी सारखी करायला जाईल, जाऊ दे. पोट सैल झालं की श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या स्नायूला, खाली सरकायला जागा मिळते. श्वास खाली उतरला ना? यातलं काहीच आरशात दिसलं नसतं. आरशापुढे आपण शरीराला फक्त मार्क देतो.

आणि बोलतो तरी कसं! "मेले हे गुडघे", "काय ही ढेरी". दुसऱ्या बाईच्या गुडघ्यांना असं म्हणाल का? रात्री त्याच गुडघ्यांना तेल लावताना हात जरा सावकाश फिरवा. त्वचेत काही चेतातंतू असे असतात, जे सेकंदाला साधारण 1 ते 10 सेंटिमीटर इतक्या संथ, हलक्या स्पर्शाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. रगडून उरकलेल्या मालिशीत ते सुख नाही. दुखत असेल तिथे थांबा, कुठे आणि कधी दुखतं ते नीट बघा. डॉक्टरांना सांगायलाही तेच लागतं. लघवीला जळजळ असेल, ताप असेल, तर तेलपाण्यात वेळ घालवू नका, तपासून घ्या.

पण बाईने नुसतं स्वतःचं ऐकून भागत नाही. तहान लागली, पाणी प्यायलं, आणि स्वच्छतागृहाला कडीच नसेल तर? मुंबईत 2011 पासून 'राइट टू पी' चळवळीतल्या बायकांनी सार्वजनिक ठिकाणी स्वच्छ, मोफत मुताऱ्या हव्यात म्हणून महापालिकेकडे मागणी लावून धरली, ती यासाठीच. तुमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत दाराची कडी, नळाला पाणी आणि पॅडसाठी झाकणाची बादली हे तीन मुद्दे लेखी द्या. मोठ्या वर्गातल्या मुलीही तेच स्वच्छतागृह वापरतात, आणि त्यांच्याही बाटल्या भरलेल्याच घरी जातात.