पोपोवाचा लाकडी सांगाडा

नमस्कार श्रोतेहो. 25 एप्रिल 1922 रोजी मॉस्कोत क्रोमेलिंक या बेल्जियन नाटककाराच्या 'द मॅग्नॅनिमस ककोल्ड' (बायकोनं फसवलेला उदार नवरा) या प्रहसनाचा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शक होते मेयरहोल्ड. दर्शनी पडदा नाही, विंगा नाहीत, झालरी नाहीत. मागची विटांची भिंत उघडी. मधोमध लाकडाचा सांगाडा, ल्युबोव पोपोवा या चित्रकर्तीनं रचलेला.

त्याआधी ती प्लायवूडवर चित्रं काढत होती. एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघा, मधलं लाकूड कोरंच सोडलेलं, रंगात संगमरवराची पूड. रंगमंचावर त्याच रेघांच्या फळ्या झाल्या, आणि आता त्यांच्यावर नटाचं वजन पडणार होतं.

नाटक घडतं एका गिरणीत, पण पोपोवानं गिरणीचा देखावा रंगवला नाही. कमीजास्त उंचीच्या दोन लेव्हल, म्हणजे नटांनी उभं राहायचे लाकडी चौथरे, त्यांना जोडणारा पूल, जिने, घसरगुंडी, फिरतं दार, पवनचक्कीची पाती आणि मागे तीन चाकं. मोठं चाक काळं, त्यावर लेखकाच्या नावातली फक्त व्यंजनं. नायक ब्रुनोला बायकोबद्दल संशयाचा झटका आला की चाकं फिरायची, आणि झटका वाढेल तसा त्यांचा वेगही. नटांच्या अंगावर निळे, कामगारी थाटाचे कपडे.

असा सेट भिंतीला टेकत नाही, वरून दोरानंही बांधलेला नसतो. म्हणून खांबांना तिरके आधार ठोकावेच लागतात. नाहीतर उडीबरोबर लेव्हल डुलते, आणि डुलत्या फळीवर नट अंग चोरून खेळतो. घसरगुंडीचा उतार कमी पडला तर माणूस मध्येच अडकतो. जास्त झाला तर खाली पाय सावरत नाहीत. सगळ्यात नाजूक काम चाकांचं. वाक्य पुरं होण्याआधी चाक हललं की हशा चाकाला मिळतो, नटाला नाही.

पुढे शिड्या आणि चाकांची फॅशनच आली. ज्या शिडीवर कुणी चढत नाही ती शोभेचीच, मग तिला कितीही आधुनिक म्हणा! देखणेपणाचा मोह आपल्यालाही पुरता सुटलेला नाही, हे खुद्द पोपोवानं कबूल केलं होतं.

1923 मध्ये मेयरहोल्डच्याच 'झेमल्या दीबम' या नाटकासाठी तिनं खऱ्या वस्तू मंचावर आणल्या. मोटार आली, मोटारसायकली आल्या. क्रेनही खरीच हवी होती, पण तिचा भार रंगमंचाच्या फळ्यांना पेलवणारा नव्हता. शेवटी सुतारांकडून लाकडाची क्रेन करून घ्यावी लागली.